गिअरबॉक्स उतरवताना ‘सरळ’ म्हणजे नेमकं काय

कॉन्टेसा असो, बोलेरो असो किंवा हौसेने सांभाळलेली दोन दारांची स्पोर्ट्स गाडी. इंजिन लांबीत बसवलेलं आणि ताकद मागच्या चाकांना, अशी रचना असली की मॅन्युअल गिअरबॉक्स खालूनच उतरतो. काम दोन माणसांचं आहे. एकट्याने करायच्या भानगडीत पडू नका.

ठाण्यातल्या पुष्कळ सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात. जॅक स्टँड थेट त्यावर ठेवला तर एखादा ब्लॉक खचतो आणि स्टँड तिरका होतो. प्रत्येक स्टँडखाली १८ मिमी प्लायचा फूटभर चौकोनी तुकडा घाला. इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगचा (स्टिल्टचा) काँक्रीटचा कोबा मिळाला तर सोन्याहून पिवळं. गाडी चारही बाजूंनी उचला आणि खालची कड जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर ठेवा, नाहीतर उतरलेला बॉक्स बाहेर ओढताच येत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, आतून गिअरचा दांडा काढा. तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतोय ना ते पाहा; तोच अडकला तर नंतर तेल भरणार कुठून? ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) पंचाने खूण करून शाफ्ट उतरवा, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावा. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, सेल्फ (स्टार्टर मोटर) सोडवा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) पाइप न उघडता बाजूला तारेने टांगा आणि त्यानंतर क्लच पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर येतो. एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे स्टड त्याशिवाय हमखास तुटतात.

इथपर्यंत कुणीही करतो. खरी मेख बेल हाउसिंगच्या (बॉक्सचं इंजिनाला जोडलेलं घंटेसारखं तोंड) वरच्या दोन बोल्टांत आणि त्यानंतरच्या चार इंचांत आहे.

वरचे बोल्ट खालून दिसत नाहीत आणि बॉनेटमधून हात पोचत नाही. इंजिनाच्या चेंबरखाली (तेलाच्या टाकीखाली) रुंद लाकडी फळी ठेवून एक जॅक लावा, दुसरा गिअरबॉक्सखाली, आणि मग बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी, म्हणजे क्रॉसमेंबर काढा. आता दोन्ही जॅक थोडे थोडे उतरवत बॉक्सचं शेपूट दोन-तीन इंच खाली आणा. एकाने वर उभं राहून पंखा रेडिएटरला टेकतोय का, मागची होजपाइप ताणली जातेय का, ते बघत राहायचं. शेपूट खाली आलं की गाडीच्या तळातल्या बोगद्यातून दोन-अडीच फुटांचं एक्सटेन्शन सरळ बोल्टपर्यंत जातं. गोटी (सॉकेट) सहाकोनी घ्या. बाराकोनी गोटी गंजलेल्या बोल्टाचे कोपरे खाते, आणि तिथे कोपरे गेले की पुढचा सगळा दिवस गेला. युनिव्हर्सल जॉइंट लुळा पडत असेल तर त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. निघालेले बोल्ट पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचा, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते.

आता ते चार इंच. ‘बॉक्स लेव्हलमध्ये ठेवून मागे ओढा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. शेपूट खाली करताना इंजिनही मागे झुकलेलं असतं. त्यामुळे बॉक्स जमिनीला समांतर धरून उपयोग नाही, तो इंजिनाच्या रेषेत राहिला पाहिजे. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यातली फट टॉर्चने बघा. ती वर-खाली, डावी-उजवीकडे सारखी हवी. वर रुंद आणि खाली चिंचोळी दिसली तर शेपूट पडलंय, जॅक उचला. खाली रुंद असेल तर उलट.

अशा बॉक्सचं वजन साधारण ३० ते ४० किलो. तो अर्धवट सुटून इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणाऱ्या पुढच्या दांड्यावर) लटकला की क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. सगळं परत बसवल्यावर मात्र क्लच नीट सुटत नाही, गिअर टाकताना कर्रर्र होतं, आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. यावर उपाय स्वस्त आहे. त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घ्या, हॅक्सॉने डोकी उडवा, टोकाला स्क्रूड्रायव्हरची खाच पाडा आणि उरलेले बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या भोकांतून इंजिनात फिरवून बसवा. बॉक्स या दोन रुळांवरून मागे सरकतो, भार शाफ्टवर येत नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर काढणाऱ्यांशी वाद घालत बसू नये.

बॉक्स हलतच नसेल तर तो चिकटलाय असं समजून छन्नी मारू नका. ॲल्युमिनियमच्या तोंडाला खड्डा पडतो. एखादा बोल्ट राहिलेला असतो, बहुधा फ्लायव्हीलच्या पत्र्याच्या कव्हराचा. सगळे निघाले असतील तर डॉवेल पिनांजवळ (बॉक्स जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांजवळ) दोन्ही बाजूंना टायर लिव्हरने आळीपाळीने थोडं थोडं उचका.

शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटला की बॉक्स पट्ट्याने जॅकला बांधा आणि मगच खाली घ्या. चेंबरखालचा जॅक तसाच राहू द्या, इंजिनाला मागून दुसरा आधार नाही.

बेल हाउसिंगच्या आत तेल दिसलं तर पुसण्याआधी वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील गेलंय. तसा वास नसेल तर संशय क्रँकच्या मागच्या सीलवर, आणि ते बघायला फ्लायव्हील काढावंच लागेल.