गौरीला नेसलेली साडी परत आली तर? खोट्या रिटर्नपासून असे सावध राहा

सदाशिव पेठेतल्या घरातून मी साड्या ऑनलाइन विकते. गौरी-गणपतीच्या तोंडावर एक नारायणपेठ साडी गेली आणि विसर्जन झाल्यावर परत आली. कारण होतं, ‘रंग वेगळा आहे’. उघडून बघते तर फॉल-पिको झालेलं, पदरावर हळदीचा डाग. पैसे तोवर परत गेले होते. साडी कोरी होती हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता आणि विक्रीच्या साइटकडे केलेला भरपाईचा क्लेम फेटाळला गेला.

तेव्हापासून पुरावा मी पॅकिंगच्या टेबलावरच तयार करते. मोबाईल स्टँडला लावा, वरून सगळं टेबल दिसू दे. व्हिडिओ एकसलग हवा, मध्ये थांबवू नका. आधी लेबलवरचा ऑर्डर नंबर आणि एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर) नीट वाचता येईल असा धरा. मग साडी उलगडून दोन्ही काठ, पदर, ब्लाउजपीस आणि फॉल न लावलेली खालची कड दाखवा. घडी, पिशवी, टेप, लेबल, सगळं कॅमेऱ्यासमोर. शेवटी पार्सल वजनकाट्यावर ठेवा. 640 ग्रॅमचं गेलेलं पार्सल 300 ग्रॅमचं होऊन आलं, तर आतला माल बदललाय हे तिथेच कळतं. फाइलला ऑर्डर नंबरचंच नाव द्या, म्हणजे आयत्या वेळी शोधाशोध होत नाही.

साडी नेसताना तोडावाच लागेल असा टॅग दर्शनी काठाला लावा आणि टॅग तोडल्यास साडी आवडली नाही म्हणून परत घेतली जाणार नाही, हे लिस्टिंगमध्ये आधीच लिहा.

रिटर्न आलं की पार्सल फाटलंय का ते कुरिअरवाल्यासमोरच बघा. फाटलेलं असेल तर तसा शेरा मारून घ्या. उघडतानाही आधी वजन, मग लेबल, मग माल, असा व्हिडिओ काढा. क्लेम त्याच दिवशी टाका. ॲमेझॉनवर त्याला सेफ-टी म्हणतात, फ्लिपकार्टवर एसपीएफ, म्हणजे सेलर प्रोटेक्शन फंड. मुदत उलटली की व्हिडिओ कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. तक्रारीत राग नको. काय पाठवलं, काय आलं, एवढंच लिहा.

मात्र प्रत्येक रिटर्नकडे संशयाने बघू नका. माल सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा असेल, तर ई-कॉमर्स नियम 2020 नुसार तो परत घ्यावाच लागतो. फोटोतला राणी रंग प्रत्यक्षात जांभळट दिसत असेल तर चूक आपली. साड्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा.

व्हॉट्सॲपवर थेट विक्री असेल तर आणखी एक सापळा असतो: ‘चुकून जास्त पैसे गेले, परत करा’ आणि सोबत स्क्रीनशॉट. तो बघून रुपयाही पाठवू नका, बँकेच्या खात्यात जमा दिसतेय का ते पाहा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट मात्र डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा.