रॅप अल्बमच्या ग्रॅमीची वही कशी मांडावी

आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रश्नमंजूषा माझ्याकडे होती. तरुण पोरं फिरकत नाहीत म्हणून एक फेरी रॅपची ठेवली. प्रश्न सोपा: फ्यूजीज या रॅप गटाच्या ‘द स्कोर’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी (अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार) कुठल्या साली मिळालं? माझ्या कागदावर उत्तर होतं १९९६. आठवीतल्या एका पोराने १९९७ सांगितलं. मी चूक दिली, आणि त्याच्या आजोबांसकट अख्खा गट उठून उभा राहिला. मोदक गार होईपर्यंत वाद चालला. बरोबर पोराचंच होतं. अल्बम आला फेब्रुवारी १९९६मध्ये, बक्षीस मिळालं फेब्रुवारी १९९७मध्ये.

सांगलीत अकरा वर्षं एका सीएंकडे लोकांची रिटर्नं भरलेल्या बाईने ही चूक करावी? कमाईचं फायनान्शियल इयर वेगळं आणि त्यावर कर ठरायचा ते पुढचं असेसमेंट इयर वेगळं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्याच रात्री निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. आता ती भरत आलीय. तुम्हाला या पुरस्काराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर तुम्हीही एक मांडा. इंटरनेटवरची विजेत्यांची यादी वाचून काही होत नाही, ती म्हणजे नुसता ताळेबंद. व्यवहार काय झाले ते खतावणीतच दिसतं.

पाच रकाने आखा: सोहळ्याचं साल, अल्बम बाजारात आल्याची तारीख, विजेता, नामांकन मिळूनही हरलेले आणि शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. मी आधी बोटभर ठेवला होता, नंतर कागद चिकटवत बसावं लागलं.

पहिले दोन रकाने वेगळे का, ते एकदा नीट समजून घ्या. ग्रॅमीचं हिशेबाचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. बरीच वर्षं ते १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं होतं आणि सोहळा त्यानंतरच्या जानेवारी-फेब्रुवारीत व्हायचा. म्हणजे सप्टेंबरअखेर आलेल्या अल्बमचा निकाल चार-पाच महिन्यांत लागायचा, पण ऑक्टोबर उजाडल्यावर आला तर सव्वा वर्ष थांबावं लागायचं. आउटकास्टचा ‘स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो’ आला २३ सप्टेंबर २००३ला आणि २००४च्या फेब्रुवारीत जिंकलासुद्धा. ड्रेकचा ‘टेक केअर’ नोव्हेंबर २०११चा, जिंकला २०१३मध्ये. कान्ये वेस्टचा ‘माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी’ नोव्हेंबर २०१०चा, जिंकला २०१२मध्ये. यादीत साल बघून ‘हा २०१३चा अल्बम’ म्हणाल तर माझ्यासारखी फजिती होईल.

वहीला आरंभीची शिल्लक लागते. ती १९८९ची. अल्बमसाठी पुरस्कार नव्हताच तेव्हा. रॅपला पहिल्यांदा ग्रॅमीत जागा मिळाली ती ‘सर्वोत्कृष्ट रॅप परफॉर्मन्स’ या नावाने, आणि ती बक्षिसी टीव्हीवर दाखवायची नाही असं ठरलं. लग्नाला बोलवायचं आणि पंगतीला बसवायचं नाही, तसला प्रकार. जिंकणारे होते डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स, म्हणजे आपला विल स्मिथ. ते गेलेच नाहीत. नामांकनातले सॉल्ट-एन-पेपा आणि एल एल कूल जे हेही गेले नाहीत. कूल मो डी मात्र गेला. अल्बमचा वेगळा पुरस्कार सुरू व्हायला १९९६ उजाडलं, ग्रॅमीचा अडतिसावा सोहळा. त्याच्या आधीचे अल्बम कितीही थोर असले तरी वहीत येत नाहीत. नॅसचा ‘इलमॅटिक’ एप्रिल १९९४चा. तो कुठल्या रकान्यात घालणार? रकानाच नव्हता. नॅसचं नाव विजेत्यांत येतं थेट २०२१मध्ये, ‘किंग्स डिझीज’साठी, आणि ते त्याचं पहिलं ग्रॅमी.

आता पहिली नोंद. हिच्यावर घाई करू नका, मी पूर्ण आठवडा दिला. विजेता नॉटी बाय नेचरचा ‘पॉव्हर्टीज पॅरडाइज’. ही मंडळी न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजची. मीही आता न्यू जर्सीतच, एडिसनला राहते आणि कामाला ब्लूमफील्डला जाते. रोज गार्डन स्टेट पार्कवे या टोलच्या हायवेवर १४५ नंबरची एक्झिट लागते, तेच ईस्ट ऑरेंज. बारा वर्षं त्या पाटीखालून गेले, मनात फक्त टोलचा हिशेब. दुसऱ्या वर्षीच्या विजेत्या फ्यूजीजमधली लॉरिन हिल शेजारच्या साउथ ऑरेंजची. म्हणजे या पुरस्काराच्या पहिल्या दोन नोंदी माझ्या कामाच्या वाटेवरच्या. माझ्या जुन्या गाडीत अजून सीडी चालते आणि लायब्ररीत हे सगळे अल्बम फुकट मिळतात. तेव्हा ऐकणं गाडीतच केलं.

पण त्या नोंदीचा जीव चौथ्या रकान्यात आहे. हरलेल्यांत टुपाकचा ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ आहे. तो अल्बम मार्च १९९५मध्ये आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा टुपाक तुरुंगात होता. सोहळ्याच्या रात्री तो मंचावर आला तो किस या बँडला बोलवायला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लास व्हेगसमध्ये गोळ्या लागून गेला. ग्रॅमी त्याला कधीच मिळालं नाही. विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला यातलं काही कळत नाही. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐका. नॉटी बाय नेचर मला आवडले, लय अशी की सिग्नलला बोटं स्टिअरिंगवर वाजतात. पण टुपाक लावल्यावर बोटं थांबली.

सगळी सालं अशी खोदायची नाहीत, दमाल. २००७चा लुडाक्रिस मी एका ओळीत उरकला. जिथे भांडण झालं तिथे थांबा. मला विचाराल तर १९९९ आणि २०१४ ही दोन सालं चुकवू नका.

१९९९ला जे-झीचा ‘व्हॉल्यूम २... हार्ड नॉक लाइफ’ जिंकला, आणि जे-झी सोहळ्याला गेला नाही. कारण डीएमएक्स या दुसऱ्या रॅपरला नामांकनच नव्हतं. डीएमएक्सने १९९८मध्ये दोन अल्बम काढले, दोन्ही पहिल्या क्रमांकावर गेले. इथे तुमची तारखांची खोड कामाला येते: पहिला मे महिन्यातला, तो या हिशेबात बसतो, दुसरा डिसेंबरमधला, तो पुढच्या वर्षात जातो. म्हणजे तक्रार उभी राहते ती मेमधल्या अल्बमवर. तेवढा एकही पुरेसा आहे, असं माझं मत. २०२४मध्ये त्याच ग्रॅमीच्या मंचावरून जे-झीने ही गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा मी वहीतलं पान उघडून टीव्हीसमोर धरलं.

२०१४ची नोंद तर तारखांसह लिहा. विजेता मॅकलमोर आणि रायन लुईसचा ‘द हाइस्ट’, ९ ऑक्टोबर २०१२. हरलेल्यांत केंड्रिक लमारचा ‘गुड किड, मॅड सिटी’, २२ ऑक्टोबर २०१२. तेरा दिवसांचं अंतर, आणि दोन्ही सव्वा वर्ष ताटकळलेले. निकालानंतर मॅकलमोरने स्वतःच केंड्रिकला मेसेज केला की हे तुला मिळायला हवं होतं, आणि तो मेसेज इन्स्टाग्रामवर टाकला. माझ्या शेऱ्यात आहे: ‘मेसेज ठीक. जगाला दाखवायचं काय कारण?’ केंड्रिकने पुढे २०१६, २०१८ आणि २०२३ला हाच पुरस्कार नेला.

आडव्या नोंदी झाल्या की एक नाव धरून वही उभी वाचा. एमिनेम धरा, २०००पासून २०१५पर्यंत सहा वेळा आहे. इथे शिव्यांचं काय, असा प्रश्न येणारच. सीडीच्या पाठीवर ‘एडिटेड’ लिहिलंय का बघून घ्या. ती घेतलीत तर शब्दाशब्दाला खड्डे लागतात, पण घरात भांडण होत नाही. मी मूळ घेतली आणि ‘द एमिनेम शो’ सुरू असताना सासूबाई मागच्या सीटवर आहेत हे विसरले. तीन गाण्यांनंतर त्या म्हणाल्या, “हा मुलगा कुणावर गं एवढा चिडलाय?” मी म्हटलं, “आईवर.” त्या गप्प बसल्या. तो अल्बम २००३चा विजेता. २०१५ला जिंकलेल्या ‘द मार्शल मॅदर्स एलपी २’मध्ये ‘हेडलाइट्स’ नावाचं गाणं आहे, त्यात तो आईची माफी मागतो. सासूबाईंना ते मी मुद्दाम ऐकवलं आणि अर्थ सांगितला. “बारा वर्षं लावली,” एवढंच म्हणाल्या.

तसंच बायकांच्या नावांवर लाल पेनाने खूण करा. पेन संपणार नाही. फ्यूजीजबरोबर लॉरिन हिल १९९७ला, मग एकटीच्या नावावर कार्डी बी २०१९ला, ‘इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी’साठी. मधली एकवीस वर्षं कोरी. लॉरिनचा स्वतःचा अल्बम १९९९ला वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला, पण तो आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या वेगळ्या संगीतप्रकाराच्या खात्यात मोडतो. या वहीत ओढून आणू नका, मी आणला होता आणि लेकीने खोडायला लावला.

तिसरी लाल खूण २०२५ची. डोची, ‘अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील’. तोवर हिशेबाचं वर्ष बदललं होतं, त्यामुळे दुसऱ्या रकान्याकडे पुन्हा लक्ष द्या: त्या सोहळ्यासाठी मुदत होती १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४. डोचीचा आला ३० ऑगस्टला. शेवटच्या दिवशी! ३१ जुलैला संध्याकाळी धापा टाकत पिशवीभर कागद घेऊन येणारी गिऱ्हाइकं मला आठवली. त्यांच्यावर मी कायम खेकसायची. लिफाफा उघडून डोचीचं नाव वाचलं ते कार्डी बीने. मी शेऱ्यात लिहिलं, ‘मुदतीत दाखल’, आणि जुन्या सवयीने खाली सही ठोकली.