एप्रिल-मे सल्ला: झुलत्या फुलवेली आणि कुंडीखालची बशी

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे निघाला की माझ्याकडे एकच तक्रार येते: "रोज पाणी घालतो, तरी होया सुकतोय." कुंडी खाली उतरवायला सांगतो. बशीत दोन बोटं पाणी, त्याला वास, आणि मुळं तपकिरी लगदा झालेली.

होया, लिपस्टिक प्लँट, कोलम्निया या जंगलात झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणाऱ्या वेली. त्यांच्या मुळांना ओल हवी, पण हवाही तितकीच हवी. झुलत्या प्लास्टिक कुंडीला बशी खालून घट्ट बसवलेली असते, कुंडी डोक्याच्या वर, त्यामुळे आत पाणी तुंबलेलं कुणाला दिसत नाही. दुपारी पानं मान टाकतात, आपण अजून एक तांब्या ओततो. मुळं कुजली तरी पानं अशीच सुरकुततात, म्हणून नुसतं पान बघून पाणी देऊ नका. केळीला वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) बघून पाणी देणारा आपला माणूस घरातल्या कुंडीला मात्र वाफसा बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आजच बशी काढा. काढता येत नसेल तर तिला भोकं पाडा. कुंडी हातानं उचलून बघा: हलकी लागली तरच पाणी, तेही सकाळी, खालून निथळेपर्यंत.

बाकी कामं:
- शेतातली काळी माती काढा. नारळाच्या सालीचे तुकडे, कोळसा, थोडं कोकोपीट भरा.
- पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी हलवा. कूलरचा थेट झोत नको.
- होयाचे फुलून गेलेले देठ कापू नका, पुढची फुलं तिथंच येतात.
- उन्हाळ्यात कुंडी बदलू नका. मुळं कुजली असतील किंवा कुंडीत काळी माती असेल तरच बदला.

मुळकूज नुकतीच सुरू असेल तर कुजकी मुळं कापून, नव्या मिश्रणात लावून, ट्रायकोडर्मा ही मुळकुजीला रोखणारी उपयोगी बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून द्या. सोबत कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक देऊ नका, त्यानं ट्रायकोडर्माच मरू शकतं. दुकानदार 'फुलांचं टॉनिक' पुढे करील. कुजलेलं मूळ ते पिणार कसं? पैसे खिशातच ठेवा.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसा, मग १५०० पीपीएमचं निंबोळी अर्क औषध ५ मिली प्रति लिटर, संध्याकाळी, घराबाहेर नेऊन फवारा.

खिडकीत ओलं गोणपाट टांगलं तर कळ्या कमी गळतात, असा माझा अनुभव. शास्त्र काय म्हणतं ते वेगळं.

सगळी मुळं गेली असतील तर वेलीचा हिरवा, दोन पेऱ्यांचा तुकडा घ्या. होयाचा चीक वाळू द्या, ओलसर कोकोपीटमध्ये सावलीत लावा आणि महिनाभर ओढून बघू नका.