भीमबेटकाची चित्रं नीट दिसावीत म्हणून

खडकांवरच्या प्राचीन चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या भीमबेटकाला जाणारे पुष्कळ लोक पाऊण तासात फेरी आटपतात आणि दोन-चार हत्ती-घोडे पाहून परततात. तिथे चित्रांचा तुटवडा नाही. नजर स्थिरावायला वेळ लागतो, उजेड योग्य लागतो आणि नेमकं कुठे पाहायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. त्यामुळे किमान दोन तास राखून ठेवा.

हे ठिकाण मध्य प्रदेशात, रायसेन जिल्ह्यात आहे. भोपाळहून नर्मदापुरमच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर. मुंबई किंवा नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळला जाणाऱ्या गाड्या याच डोंगरांजवळून जातात. १९५७ मध्ये ही चित्रं शोधून काढणारे पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांना हे खडक रेल्वेतूनच दिसले होते. तुम्ही मात्र भोपाळ किंवा राणी कमलापती स्थानकावर उतरा आणि जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा. बसने जायचं असेल तर ओबेदुल्लागंजच्या पुढे भीमबेटका फाट्यावर उतरावं लागतं. तिथून वरपर्यंत सुमारे ३ किलोमीटर चढाचा रस्ता आहे. वाहन मिळेल या भरवशावर राहू नका, परतीला तर मुळीच नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात खडक इतका तापतो की दुपारी उभं राहवत नाही. पावसाळ्यात रान सुंदर दिसतं, पण दगड निसरडे होतात. सकाळी लवकर पोहोचा. माणशी एक लिटर पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट आणि जमल्यास दुर्बीण घ्या. अनेक चित्रं डोक्यावर बरीच उंच आहेत, दुर्बिणीशिवाय ती नुसते डाग वाटतात. अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका. कपारींत आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर किंवा आरडाओरडा झाला की माशा उठतात. मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबू नका.

अजिंठा-वेरूळसारख्या कोरलेल्या लेण्यांची कल्पना मनातून काढून टाका. हे शैलाश्रय आहेत, म्हणजे खडकांचे नैसर्गिक आडोसे. विंध्य वालुकाश्माचे मऊ थर आणि भेगा आधी झिजल्या, कडक थर वर छतासारखे उरले. चित्रं या छतांच्या आडोशाला असल्यामुळेच टिकली. इथे ७००हून अधिक आश्रय आहेत आणि त्यांतल्या ४००हून अधिक आश्रयांत चित्रं आहेत. पर्यटकांसाठी आखलेल्या पायवाटेवर त्यांपैकी पंधराच येतात. तेवढे पुरेसे आहेत.

आश्रय क्रमांक ३, म्हणजे 'ऑडिटोरियम', हा आरपार बोगदा आहे. भिंतींची झीज आणि थर इथे सर्वांत स्पष्ट दिसतात. आतल्या मोठ्या खडकावर माणसाने ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत, ते शोधाच. त्यांचं वय अतिप्राचीन मानलं जातं, पण नेमक्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. याच आश्रयाच्या छतावर डिकिन्सोनिया या आदिम जीवाचा जीवाश्म सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं होतं. पुढे २०२३ मध्ये तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा डाग असल्याचं दाखवलं गेलं. गाइडने अजून जीवाश्म म्हणून दाखवला तर हे लक्षात ठेवा. याच परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं. अश्मयुगीन हत्यारांचे एकावर एक साठलेले थर त्यातून समोर आले.

सर्वांत जास्त वेळ क्रमांक ४ ला द्या, म्हणजे 'झू रॉक'ला. एकाच भिंतीवर शेकडो आकृत्या आहेत: हत्ती, हरणं, गवे, घोडेस्वार. पहिली पाच मिनिटं फार काही कळणार नाही. मग एक पांढरी रेघ पकडा आणि ती कुठे तुटते ते पाहा. दुसऱ्या रंगाची रेघ तिच्यावरून सलग गेली असेल तर ती नंतरची. असं करत गेलात की एकाच जागेवर पुन्हापुन्हा चितारलेले थर सुटे होऊ लागतात. घोडेस्वार आणि तलवारधारी ऐतिहासिक काळातले, शिकारीची अनेक चित्रं त्याहून कितीतरी जुनी.

बहुतेक चित्रं लाल आणि पांढऱ्या रंगात आहेत. लाल म्हणजे गेरू, लोहयुक्त दगडाची पूड. पांढऱ्याच्या बाबतीत फसगत होते, कारण क्षारांचे ओघळही पांढरेच असतात. ओघळ वरून खाली पाझरत येतो आणि कडा विरघळल्यासारख्या दिसतात. चित्राची रेघ वळते, तिची जाडी साधारण सारखी राहते आणि ती ठरावीक जागी थांबते.

भिंतीवर थेट ऊन असेल तर खडक चमकतो आणि रंग फिका पडतो. सोबतच्याला छत्री धरायला सांगा. सावली पडताच आकृती उठून दिसते. ढगाळ दिवस याच कारणाने चांगला. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. आधी पूर्ण भिंतीचा, मग तपशिलाचा फोटो घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कुठला हत्ती कुठल्या भिंतीवरचा ते कळत नाही. पुसट चित्रांचे फोटो 'डी-स्ट्रेच' या संगणकीय पद्धतीने रंगभेद वाढवून पाहिले तर न दिसलेल्या आकृत्याही सापडतात.

रंग ठळक व्हावा म्हणून भिंतीवर पाणी मारू नका आणि कुणी मारत असेल तर थांबवा. पाणी वाळताना क्षार पृष्ठभागावर आणतं आणि चित्रावर कायमचा पांढरा पडदा बसतो. बोटाने दाखवतानाही हात भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. त्वचेचं तेल आणि घाम खडकात मुरतो, तो काढता येत नाही. मुलांना हे गाडीतच समजावून सांगा.

वाटेच्या शेवटाकडे क्रमांक १५ चा आश्रय आहे. तिथे शिंगं असलेला, रानडुकरासारखा प्रचंड प्राणी एका माणसाच्या मागे लागला आहे. माणूस इतका लहान काढलाय की आधी तो दिसतच नाही. पाच-सहा पावलं मागे सरका, म्हणजे दोघे एकत्र दिसतील.

दुपारी वेळ उरला तर भोजपूरचं अपुरं राहिलेलं शिवमंदिर पाहता येईल. भोपाळच्या श्यामला हिल्सवरच्या मानव संग्रहालयाच्या आवारातही चित्रांकित शैलाश्रय आहेत, पण ते सोमवारी बंद असतं.