प्रोजेक्ट इंग्रजीत लिहून घ्यायचा असेल, तर इंग्रजी शेवटी आणा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली पुष्कळ मुलं घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलतात, शाळा मराठीतून शिकतात आणि पदवीला आली की त्यांच्याकडून फील्ड प्रोजेक्टचा अहवाल इंग्रजीत मागितला जातो. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा, काहींची चौथी. अशा वर्गाला ‘आधी ग्रामर पक्कं करा’ किंवा ‘इंग्रजीतच विचार करा’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ग्रामर पक्कं होण्याची वाट पाहत बसलं तर सेमिस्टर संपतं. आणि विचार ज्या भाषेत सुचतो, त्याच भाषेत करू द्यावा.

विषय विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातला हवा आणि प्रश्नाच्या रूपात हवा. ‘शेतीच्या समस्या’ नको. ‘आमच्या गावात केळीला ठिबक आल्यावर निंदणीची मजुरी कमी झाली का?’ हा चालेल. वाचायला दोनच स्रोत द्या, प्रत्येकी पान-दीड पान. वीस संदर्भांची यादी मागितली की मुलं यादी उतरवतात, वाचत काहीच नाहीत.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते दुसऱ्याचं लिखाण वाचून ते आपल्या शब्दांत, त्याच्या नावानिशी मांडणं. हा टप्पा बसवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो.

आधी एक समजून घ्या. मुलं उतरवतात ती चोरी करायची म्हणून नव्हे. बारावीपर्यंत गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की मार्क मिळत आले. छापलेला शब्द बदलला तर चुकेल, ही भीती त्यांच्या हाडात बसलेली असते. त्यांना ‘कॉपी करू नका’ एवढंच सांगितलं की ती शब्द बदलायला लागतात. मूळ वाक्याचा सांगाडा तोच, फक्त मोबाइलवरून समानार्थी शब्द शोधून भरलेले. मग ‘रूट झोन’चा ‘ओरिजिन एरिया’ होतो आणि झाडाचं मूळ वाक्यातून नाहीसं होतं. पॅराफ्रेज करून (म्हणजे तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत फिरवून) देणारी अॅपं हेच काम जास्त वेगानं करतात. ती वर्गात वापरू देऊ नका.

त्याऐवजी असं करा. ऐंशी-शंभर शब्दांचा एकच परिच्छेद द्या. कागदाच्या डोक्यावर लेखकाचं नाव, वर्ष आणि पान आधी लिहून घ्या. नंतर लिहू म्हटलं की ते राहतंच. परिच्छेद दोनदा वाचू द्या आणि कागद उलटा ठेवायला सांगा. आता प्रत्येकानं शेजाऱ्याला तो मुद्दा घरच्या बोलीत सांगायचा. शेजाऱ्यानं निदान एकदा तरी ‘का?’ विचारायचंच. ठिबकचा परिच्छेद असेल तर उत्तर साधारण असं येतं: ‘पानी मुयसलेच भेटस, मधली जमीन कोल्ली ऱ्हास, म्हनीसन निंदनीबी कमी लागस.’ (पाणी मुळांनाच मिळतं, मधली जमीन कोरडी राहते, म्हणून निंदणीही कमी लागते.) या वाक्यात कारण आहे, परिणाम आहे आणि मूळ लेखकाचा एकही शब्द नाही. तेच लिहून घ्या, बोलीत किंवा मराठीत. तुम्हाला पावरी येत नसेल तरी बिघडत नाही; एकाच बोलीच्या दोघांची जोडी लावा, ती एकमेकांना बरोबर धरतात.

बोलण्याची पायरी गाळू नका. वेळ वाचवायला थेट ‘आपल्या शब्दांत लिहा’ म्हणाल, तर पाठांतर चांगलं असलेली मुलं मूळ वाक्यच आठवून लिहितात. ‘का?’ विचारल्यावर मात्र पाठ केलेलं कामाला येत नाही.

मगच इंग्रजी. बोलीतल्या टिपणावरून, मूळ कागद उलटाच ठेवून, लहान वाक्यं लिहायची. हे टिपण भाषांतराच्या अॅपमध्ये टाकायला मी या टप्प्यावर सक्त मनाई करतो, कारण कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे हा निर्णय मुलानं स्वतः घ्यायचा असतो. वाक्य मोडकं आलं तरी चालेल.

शेवटी मूळ कागद सरळ करून तीन गोष्टी तपासा. अर्थ तोच राहिला का? सलग चार शब्द मुळातले आलेत का? आले असतील तर वाक्य पुन्हा रचायचं; ‘ड्रिप इरिगेशन’सारख्या पारिभाषिक संज्ञा मात्र तशाच ठेवायच्या. आणि जोर बदलला का? ही तिसरी चूक शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. लेखकानं ‘मे रिड्यूस’ म्हटलेलं असतं, मुलगी ‘रिड्यूसेस’ लिहिते, आणि लेखकानं शक्यता म्हणून सांगितलेली गोष्ट ठाम दावा होऊन बसते. ‘मे’ आणि ‘कॅन’ला मूळ कागदावर गोल करून ठेवायला सांगा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून ‘दहा टक्के चालतं’ असं मुलांना सांगणारे भेटतात. हा सल्ला चुकीचा आहे. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याचा विचार नाव न देता घेतला, तर साम्य शून्य दाखवूनही ते वाङ्मयचौर्यच ठरतं. उलट, अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर त्या नियमांनुसार मोजणीतून वगळला जातो. मुलांना टक्केवारी सांगूच नका, नाव द्यायला शिकवा.

परिच्छेदाची रचना एका वाक्यात सांगता येते: मुद्दा पहिल्या ओळीत, मग पुरावा, मग तो पुरावा त्या मुद्द्याला कसा धरून आहे ते. ‘आजच्या आधुनिक युगात’ने सुरू होणारी प्रस्तावना सरळ खोडा.

व्याकरण आता, सगळ्यांत शेवटी. पहिल्या मसुद्यावर लाल पेन लावू नका. समासात फक्त मजकुराबद्दलचे प्रश्न लिहा. दुसऱ्या मसुद्यात एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा. मी वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यानंतरच्या क्रियापदाच्या ‘एस’पासून सुरुवात करतो, कारण तिचा नियम पक्का आहे आणि मुलाला ती स्वतः शोधता येते. ‘अ’ आणि ‘द’ सर्वांत उशिरा घ्या. मराठीत किंवा अहिराणीत त्यांच्यासारखं काही नाही, त्यामुळे ती सवय वाचून वाचूनच लागते. चूक दुरुस्त करून देऊ नका. ज्या ओळीत आहे तिच्यासमोर टिंब द्या आणि वही परत करा.