प्रथा कुठून आली, कशी पसरली: माग कसा काढावा

एक खेळ, एक गाणं किंवा एक पोशाख निवडा. अख्खी संस्कृती नकाशावर मावत नाही. प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, साल, सांगणाऱ्याचं वय आणि ‘कुणाकडून शिकलात?’ याचं उत्तर लिहा. हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो, आणि खरा धागा तिथेच असतो.

मग नकाशावर ठिपके मांडा. लोकसंस्कृती माणसांबरोबर चालते: आमिश (साधी, जुन्या वळणाची राहणी जपणारा ख्रिस्ती पंथ) लोक १८व्या शतकात युरोपातून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात गेले, तेव्हा बोली आणि पेहरावही घेऊन गेले. अशा वेळी ठिपके स्थलांतराच्या वाटेवर पडतात. लोकप्रिय संस्कृती, म्हणजे माध्यमांतून आणि बाजारातून पसरणारी, मात्र उड्या मारते. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रुजलेलं हिप-हॉप आधी मोठ्या शहरांत पोचलं, मधली गावं मागाहून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नमुने जास्त तेच उगमस्थान धरणं. तिथे कदाचित संग्राहकच जास्त फिरले असतील! नोंदीचं साल हे जन्मसालही नव्हे. शिवाय जुनी रूपं पुष्कळदा उगमापासून दूर, कडेच्या भागांत टिकतात. दूरच्या दोन ठिकाणची गाणी शब्दशः जुळली, तर आधी छापील पुस्तक किंवा ध्वनिमुद्रिका शोधा. तोंडी परंपरेत शब्द इतके जसेच्या तसे क्वचितच राहतात.