वांगणीहून देवयानी दीर्घिकेचा गाभा कसा पाहावा

मुंबईच्या आसपास राहून देवयानीसारख्या (अँड्रोमेडा) सर्पिल दीर्घिकेच्या, म्हणजे चक्राकार पसरलेल्या तारकासमूहाच्या, भुजा डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट धरू नये. शहराच्या उजेडापुढे तग धरतो तो दीर्घिकेचा मधला फुगवटा, म्हणजेच गाभा, आणि माझ्या मते पाहण्यासारखाही तोच असतो.

नोव्हेंबरच्या मध्याजवळची अंधारी रात्र निवडून कर्जत लोकलने वांगणी गाठावी. १०×५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री पुरते. रात्री पावणेदहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका उत्तरेकडे सुमारे ६८ अंश उंचीवर येते, त्यामुळे मान अवघडून घेण्यापेक्षा सतरंजीवर उताणे पडून कोपर छातीला टेकवलेले बरे. उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांपैकी उत्तरेकडचा तारा धरावा. तेथून ईशान्येला एक फिकट तारा सोडून पुढचा ठळक तारा गाठावा आणि तेथे शर्मिष्ठा (कॅसिओपिया) तारकासमूहाकडे वळून दोन मंद तारे मोजावेत. दुसऱ्या ताऱ्याशेजारी धुरकट, लांबट डाग दिसतो.

डागावर नजर न रोखता किंचित बाजूला पाहावे, म्हणजे तेज कडेकडून मध्याकडे कसे दाटत जाते ते कळते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरून येणारा हा प्रकाश मुख्यतः म्हाताऱ्या, पिवळ्या-तांबड्या ताऱ्यांचा आहे. फुगवट्यात वायू फारसा उरलेला नसल्याने नवे निळे तारे जन्मतात ते बहुतेक भुजांमध्ये. डोळ्यांना मात्र सारे राखाडीच दिसते.

हे तारे सुटे दिसायला अंधारच कामी आला. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मालवले जात असताना खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी जवळच्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीने, तांबड्या प्रकाशाला संवेदनशील छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांवर, या गाभ्यातील तारे वेगळे टिपले. भुजांमधले आणि गाभ्यातले तारे दोन निरनिराळ्या गटांत मोडतात, हे त्यांनी १९४४ साली मांडले. गाभ्याच्या मधोमध सूर्याच्या दहा कोटी पटींहून जड कृष्णविवर आहे. आपल्या आकाशगंगेतले सुमारे चाळीस लाख पटींचे, म्हणजे त्यामानाने किरकोळच.

विजेरीला लाल जिलेटीन गुंडाळावे. उत्तररात्री भिंगांवर दव धरते. ते रुमालाने पुसू नये, द्विनेत्री थोडा वेळ शालीत गुंडाळून ठेवावी. परतीची शेवटची लोकल हुकेल हे गृहीत धरून मुक्कामाच्याच तयारीने जावे.